नट-बोल्ट : दार कुणासाठी उघडायचं?

मंडळी, आपल्या मंडळाच्या यादीवरून नुसती नजर फिरवली तरी लक्षात येतं की बऱ्याच घरांत कुणी ना कुणी इस्पितळात कामाला आहे. आमच्याकडे सौ. नर्स आहे, आठवड्यातून तीन रात्री ड्यूटी. म्हणून या वेळी पूल आणि पंप बाजूला ठेवून इस्पितळाच्या दारांविषयी लिहितो.

अमेरिकन सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०१८ साली कामाच्या जागी मारहाणीमुळे झालेल्या (जीव न गेलेल्या) दुखापतींपैकी ७३ टक्के आरोग्यसेवेतल्या लोकांच्या वाट्याला आल्या. १ जून २०२२ रोजी ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात पाठीच्या ऑपरेशननंतर दुखणं न थांबलेल्या एका पेशंटने त्याच दिवशी बंदूक विकत घेतली आणि चौघांना ठार केलं. त्यांत दोन डॉक्टर होते, एक रिसेप्शनिस्ट होती आणि बायकोला घेऊन आलेला एक नवराही होता.

आता कुणी म्हणेल, विमानतळासारखी तपासणी करा की! पण इस्पितळ म्हणजे विमानतळ नव्हे. १९८६ च्या कायद्याप्रमाणे इमर्जन्सीत आलेल्या माणसाला, खिशात पैसे असोत वा नसोत, तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही. शिवाय आग लागली तर दारं उघडायलाच हवीत. बाळंतिणींच्या वॉर्डात मात्र दार बंद हवं, नाहीतर कुणीही बाळ उचलून नेईल. यावरची तोडजोड मला फार आवडते. बाळाच्या पायाला टॅग असतो, तो दाराजवळ आला की घंटा वाजते. आणि काही ठिकाणी दार ढकललं की लगेच उघडत नाही. आधी भोंगा वाजतो आणि १५ सेकंदांनी दार उघडतं. आगीपासून पळणाऱ्याला तेवढा वेळ परवडतो, चोराला नाही.

पण नुसत्या फाटकावर भिस्त ठेवून भागत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या के. ई. एम. मध्ये अरुणा शानबाग तळघरात कपडे बदलत होती. हल्ला करणारा तिथलाच सफाई कामगार. ती ४१ वर्षं त्याच इस्पितळात अंथरुणाला खिळून होती, २०१५ साली गेली. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्यात आर. जी. कर इस्पितळात एक शिकाऊ डॉक्टर लांबलचक ड्यूटीत जरा पाठ टेकायला सेमिनार हॉलमध्ये गेली, आणि तिथेच तिच्यावर अत्याचार होऊन तिचा खून झाला. शिक्षा झालेला इसम पोलिसांचा स्वयंसेवक, इस्पितळात नेहमी वावरणारा. दोघांनाही फाटकावरच्या वॉचमनने सलाम ठोकून आत सोडलं असतं. मधल्या ५१ वर्षांत महाराष्ट्राने २०१० साली कायदाही केला, डॉक्टर-नर्सवर हात उचलला तर तीन वर्षांपर्यंत कैद. पण कायदा हल्ल्यानंतर कामाला येतो. आतून कडी लागणारी खोली आधी कामाला येते, आणि तिला कितीसा खर्च येतो?

इथे आपण काय करायचं? भेटायला जाताना छातीवर बिल्ला लावा. कार्ड लावून उघडलेल्या दारातून मागच्या अनोळखी माणसाला "या, या" म्हणून आत घेऊ नका. आपला हा पाहुणचार तिथे महागात पडतो. आठ-दहा जणांनी डबे घेऊन एकदम जाऊ नये. राग आलाच तर नर्सवर न काढता "पेशंट ॲडव्होकेट"ला बोलवा. मुलगी रेसिडेन्सीला असेल तर तिला सांगा, रात्री सिक्युरिटीला फोन केला तर गाडीपर्यंत सोबत मिळेल का ते आधीच विचारून ठेव.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, घडलेलं लिहून द्या. मागे एका भ्रमिष्ट आजोबांनी सौ.चा मनगट पिरगाळला, तर ती म्हणते, "जाऊ दे हो, त्यांना कुठे कळतंय!" आजोबांना कळत नव्हतं हे खरं, पण इस्पितळाला तर कळायला हवं! २०२२ पासून जॉइंट कमिशनच्या नियमांत अशा घटनांची नोंद आणि छाननी आली आहे. नोंदच नसेल तर छाननी कशाची करणार? यंत्र बिघडलं की आम्ही इंजिनिअर आधी लॉगबुक उघडतो. ते कोरं असलं की बिघाड सापडत नाही, आणि पुढच्या पाळीला दुसऱ्या कुणाचा तरी हात त्यात सापडतो.

असो. या आठवड्यात घरच्या नर्सला, डॉक्टरला एवढं जरूर विचारा : "तुमच्या वॉर्डात आतून कडी लागणारी खोली आहे का?"