सिस्टिम घेताय? आधी कान तपासून घ्या

निवृत्तीचे पैसे हातात आले की बऱ्याच जणांना एक जुनी हौस आठवते. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकत मोठी झालेली ही पिढी. ऐंशीच्या दशकात दुकानाच्या काचेतून सोनोडाइन, कॉस्मिकची सिस्टिम नुसती बघून पुढे गेलेली, कारण तेव्हा घराचे हप्ते होते. आता मुले मार्गी लागली आहेत, दुपारी हॉल रिकामा असतो आणि खिशात थोडे पैसेही आहेत. असे पेशंट बीपी तपासून झाल्यावर हळूच विचारतात, "डॉक्टर, या वयात एवढा खर्च करू का?"

माझे उत्तर ठरलेले आहे : जरूर करा, पण दुकानात जाण्याआधी कानाची तपासणी करून घ्या.

ऐकणाऱ्याला वाटते डॉक्टर चेष्टा करताहेत. चेष्टा नाही. हाय-फाय म्हणजे हाय फिडेलिटी, मूळ आवाजाशी जितके जमेल तितके इमान. त्यासाठी रेकॉर्ड, सीडी किंवा फोनमधून येणारा आवाज ॲम्प्लिफायर वाढवतो आणि स्पीकर हवेत सोडतो. पण तिथे काम संपत नाही. तो आवाज खोलीच्या भिंतींवर आपटतो आणि शेवटी कानात शिरतो. खोली आणि कान हे दोन भाग कुठल्याच दुकानात मिळत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी विक्रेता बोलतही नाही.

आपल्या प्रत्येक आंतरकर्णात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्यातल्या साधारण साडेतीन हजार मेंदूकडे निरोप पाठवतात. बाकीच्या बारा हजारांचे काम बारीक आवाज मोठा करून देण्याचे, म्हणजे त्या निसर्गाने बसवलेला ॲम्प्लिफायरच. ही पेशी एकदा मेली की माणसात पुन्हा उगवत नाही. वयाचा आणि गोंगाटाचा मार आधी बसतो तो उंच स्वर टिपणाऱ्या पेशींवर. लहान मुलाला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते. साठीच्या अनेकांना १०-१२ हजारांच्या पुढे काहीच ऐकू येत नाही.

यात घाबरण्यासारखे काही नाही. पियानोच्या अगदी शेवटच्या पट्टीचा स्वर ४,१८६ हर्ट्झचा असतो, तेव्हा सूर तुमच्यापासून दूर जात नाही. त्याच्या वर असतात ते उपस्वर : तानपुऱ्याच्या जवारीची झळाळी, झांजेची किणकिण. तेवढी चमक कमी होते. म्हणून '४०,००० हर्ट्झपर्यंत' असे छापलेल्या स्पीकरसाठी जादा पैसे मोजू नका. घरात वटवाघळे गाणे ऐकायला बसणार असतील तर गोष्ट वेगळी.

खरी अडचण याच्या अलीकडे, दोन ते सहा हजार हर्ट्झच्या पट्ट्यात होते. आपल्या बोलण्यातले स, श, फ, ट, क यांसारखे वर्ण ओळखायला हाच भाग लागतो. इथे पेशी कमी झाल्या की माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण काय बोलतात ते कळत नाही." कारखान्यात, छापखान्यात किंवा रहदारीच्या चौकात नोकरी केलेल्यांच्या ऑडिओग्राममध्ये बऱ्याचदा ४,००० हर्ट्झपाशी खड्डा दिसतो. वर्षानुवर्षे ढोलपथकात वाजवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

असा माणूस नवी सिस्टिम लावतो तेव्हा काय होते? शब्द स्पष्ट येत नाहीत, म्हणून तो आवाज वाढवतो. पण त्याला खालचे स्वर आधीच नीट ऐकू येत असतात. ते घुमायला लागतात, स्वयंपाकघरातली भांडी थरथरतात आणि शब्द तरीही पुसटच राहतात. शिवाय बारीक आवाज वाढवणाऱ्या पेशी गेल्या की आणखी एक विचित्र गोष्ट घडते. हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा मोठा झाला की एकदम सहन होत नाही. "हळू बोललं तर ऐकू येत नाही आणि मोठ्यानं बोललं की म्हणतात ओरडू नकोस," ही अनेक सुनांची तक्रार अगदी खरी असते. सासऱ्यांचा हट्ट नाही तो, कानाचा आजार आहे. त्यावर जास्त वॅटचा ॲम्प्लिफायर हा उपाय नाही.

म्हणून आधी ऑडिओमेट्री करा. दुखत नाही, टोचत नाही, अर्ध्या तासात होते. कधीकधी कानात नुसता मळ घट्ट बसलेला निघतो आणि तो काढल्यावर नव्या सिस्टिमची निम्मी गरजच संपते. (तो ईएनटी डॉक्टरांकडून काढून घ्या, घरच्या काडीने तो आणखी आत जातो.) दोन कानांत फरक असेल तर तेही कळते, अशा माणसाला गायक कायम एका बाजूला सरकल्यासारखा वाटतो आणि तो बिचारा स्पीकर बदलत बसतो. एक गोष्ट मात्र तपासणीच्या तारखेची वाट बघण्यासारखी नाही : एका कानाचे ऐकणे अचानक, तासाभरात किंवा एक-दोन दिवसांत कमी झाले, तर त्याच दिवशी ईएनटीकडे जा. त्यावर उपचार असतात, पण ते लवकर सुरू व्हावे लागतात.

आता वॅटचे बघू. जुन्या टू-इन-वनवर 'पीएमपीओ' म्हणून छापलेले हजारांचे आकडे आठवत असतील तर विसरून जा, ते निव्वळ जाहिरातीचे आकडे होते. एक साधा स्पीकर एका वॅटमध्ये एक मीटरवर ८६-८८ डेसिबल आवाज देतो, आणि दिवाणखान्यात सुखाने गाणे ऐकायला ७० ते ७५ डेसिबल भरपूर होतात. म्हणजे बहुतेक वेळ तुमचा ॲम्प्लिफायर एका वॅटपेक्षाही कमी खर्च करत असतो. पॉवर दुप्पट केली तरी फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला ती दहापट लागते. ५० वॅटचा चांगला ॲम्प्लिफायर फ्लॅटसाठी पुरून उरतो.

कानाचा हिशेबही याच ३ डेसिबलने चालतो. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही कामगारांसाठी मानलेली मर्यादा आहे. तिथून प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटे. मोजायला यंत्र नको. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज जास्त आहे. माझ्या मते तरुणांनीही इअरफोनपेक्षा स्पीकरवर ऐकावे, याचे एक कारण असे की स्पीकर मोठा झाला तर बायको, आई आणि खालच्या मजल्यावरचे काका तिघेही तक्रार करतात. इअरफोनबद्दल तक्रार करणारे कुणी नसते.

मग चांगली सिस्टिम कशी ओळखायची? जी हळू आवाजात पूर्ण ऐकू येते ती चांगली. दुकानात विक्रेता आवाज वाढवून दाखवतो. तुम्ही त्याला कमी करायला सांगा. हळू आवाजातही तबल्याचा डग्गा आणि गायकाचा श्वास कळतो का ते बघा. यातही कानाचा एक स्वभाव आहे : आवाज कमी केला की आपल्याला खालचे स्वर जास्तच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. जुन्या ॲम्प्लिफायरवरचे 'लाउडनेस' बटण त्याचसाठी असते. काही शौकीन त्याला नाके मुरडतात. मुरडू द्या, हळू ऐकताना ते खुशाल वापरा.

खोलीवर खर्च सर्वांत कमी आणि फरक सर्वांत जास्त. हॉलच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. मागून 'टणण्' असा आवाज आला तर गुळगुळीत फरशी, काचा आणि उघड्या भिंती मिळून गाणे बिघडवत आहेत. ज्याचे कान शब्द पकडताना आधीच धडपडतात, त्याला हा घुमारा तरुणापेक्षा जास्त त्रास देतो. जाड सतरंजी अंथरा, पडदे लावा, पुस्तकांचे कपाट तिथे आणा. स्पीकर शोकेसमध्ये किंवा कोपऱ्यात कोंबू नका. भिंतीपासून हात-दीड हात पुढे घ्या. वरचे स्वर देणारा छोटा ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला यावा, आणि दोन स्पीकरमधले अंतर साधारण तुमच्यापासूनच्या अंतराइतके असावे. हा उद्योग दोन रविवार पुरतो आणि मला तर छंदातला सगळ्यात मजेचा भाग हाच वाटतो. जड स्पीकर उचलायला मात्र कुणाला तरी हाक मारा.

केबलबद्दल विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. साधी, जाड तांब्याची वायर पुरते. हजारो रुपयांच्या केबलने 'पडदा दूर झाला' असे सांगणारे खोटे बोलत नसतात. त्यांना खरेच तसे ऐकू येते. आम्ही याला प्लासिबो म्हणतो. साखरेच्या गोळीनेही डोकेदुखी थांबते, आणि गोळी महाग असेल तर विश्वासही जास्त बसतो. म्हणून औषधाच्या चाचणीत खरी गोळी कुणाला दिली हे पेशंटला आणि डॉक्टरलाही कळू देत नाहीत. घरी तसेच करा. तुम्ही पाठ फिरवून बसा आणि नातवाला वायर बदलायला किंवा न बदलता नुसती खुडबुड करायला सांगा. दहा वेळा ओळखून दाखवा. आवाजाची पातळी तेवढीच ठेवा, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमीच 'चांगला' वाटतो. केबलचे पैसे स्पीकरमध्ये घाला.

स्वतः सोल्डरिंग करणाऱ्यांना दोन सूचना. वाल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहू शकतात. शिकल्याशिवाय झाकण उघडू नका. पेसमेकर असेल तर स्पीकरचे चुंबक छातीशी धरू नका आणि हेडफोन गळ्यात लटकवून किंवा वरच्या खिशात ठेवू नका. वीतभर अंतर असू द्या.

अमुक रागाने बीपी उतरते, तमुकाने साखर, असे फॉरवर्ड मलाही येतात. माझा त्यांच्यावर विश्वास नाही. गोळ्या बंद करू नका. या छंदाची बाजू मी घेतो ती वेगळ्या कारणाने. दिवसातला एक तास माणूस स्क्रीन सोडून बसतो, लक्ष देऊन ऐकतो, एखाद्या मित्राला ऐकायला बोलावतो. ऐकू कमी येणारा माणूस आधी लग्नकार्य टाळतो, मग फोन, मग घरातल्या गप्पा. २०१७ पासूनच्या लॅन्सेट कमिशनच्या अहवालांत डिमेन्शियाच्या कमी करता येण्याजोग्या धोक्यांमध्ये श्रवणदोषाचे नाव आहे. कानाच्या मशीनला वर्षानुवर्षे नाही म्हणणारी माणसे गाण्यासाठी तपासणीला तयार होतात, हे मी पाहिले आहे. मला तेवढे निमित्त पुरते.

आणि मशीन लागलेच तर छंद सोडायचे कारण नाही. मशीन बोलणे कळावे म्हणून बनवलेले असते. तानपुऱ्याचा किंवा बासरीचा लांबलेला स्वर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटतो आणि ते तो दाबायला बघते, म्हणून गाणे फाटल्यासारखे येते. ऑडिओलॉजिस्टला संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम भरून द्यायला सांगा. जाताना तुम्हाला अगदी पाठ असलेले एखादे गाणे फोनमध्ये घेऊन जा आणि तेच ऐकत मशीन जुळवून घ्या. पाठ असलेलेच न्या. नव्या गाण्यात काय हरवले आहे ते तुम्हाला कसे कळणार?