पाळण्याच्या रीतीलाही भाव हवा

दिवाळी उरकली की पारनेर, संगमनेर भागातले धनगर मेंढ्या घेऊन घाट उतरतात. कोकणात तोवर भातकापणी झालेली असते आणि मोकळी खाचरे चरायला मिळतात. शेतकरी रात्री कळप आपल्या रानात बसवून घेतो आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. पावसाळा तोंडावर आला की घोड्यांवर बिऱ्हाड, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरे लादून वाडे, म्हणजे धनगरांचे तांडे, परत घाटावर निघतात. गवत, झाडपाला, बाभळीच्या शेंगा, पिकांची धसकटे खात दख्खनी मेंढी वर्षातले कित्येक महिने चालत असते.

शहरातल्या दुकानांत ‘नैसर्गिक’ म्हणून चढ्या दराने विकले जाते, ते मांस खरे तर हेच. पण ते विकताना धनगराच्या हाती काय पडते? व्यापारी वाड्यावर येतो, कोकराची पाठ चाचपतो, नजरेनेच वजनाचा अंदाज बांधतो आणि उक्ता भाव सांगतो. महिनोन्महिन्यांच्या पायपिटीचा त्या भावात हिशेब नसतो. लोकरीला तर आता विचारणाराच उरलेला नाही. चराऊ रानांना कुंपणे पडत चालली, तशी या धंद्यातली तरुण मुले गाव सोडून चालली आहेत.

आता ब्रॉयलरची शेड पाहा. करारपद्धतीत कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे देते. शेड, वीज, पाणी आणि राबणूक शेतकऱ्याची. भाताच्या तुसावर हजारो पक्षी दाटीने वाढतात आणि चाळीसेक दिवसांत दोन किलोंच्या वर जातात. गावरान कोंबडीला एवढे वजन गाठायला पाच-सहा महिनेही पुरत नाहीत. छातीचे मांस भराभर वाढावे म्हणूनच ही जात घडवलेली आहे. कित्येक पक्ष्यांच्या पायांना ते वजन पेलत नाही. अंड्यांच्या कोंबडीचे हाल याहून वाईट. पिंजऱ्यात तिच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते, म्हणजे ए-फोर कागदाच्या पाऊण भागाहूनही कमी. तिला पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळता येत नाही, अंडे घालायला आडोसा मिळत नाही. युरोपीय संघाने असे उघडेबोडके पिंजरे २०१२ पासून बंद केले. आपल्या विधी आयोगाने २०१७ मध्ये या प्रश्नावर स्वतंत्र अहवाल दिला, तरी पिंजरे आहेत तिथेच आहेत.

हा फक्त भूतदयेचा प्रश्न नाही. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०१४ मध्ये राजधानी परिसरातले कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. कोलिस्टिन हे इतर औषधे निकामी ठरल्यावर डॉक्टर हाती घेतात असे औषध. तेही पक्ष्यांचे वजन वाढावे म्हणून खाद्यात मिसळले जात होते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली. निर्णय योग्यच होता, पण दाटीवाटीची शेड तशीच राहिली तर एका औषधाची जागा दुसरे घेणार.

स्वस्त अंड्याने आणि ब्रॉयलरने गरिबाच्या ताटात प्रथिने आणली, हे मान्य करायलाच हवे. महिनाअखेरीस पै-पैचा हिशेब करणाऱ्या घराला कुणी उपदेश करू नये. प्रश्न आहे तो आठवड्यातून तीनदा कोंबडी मागवणाऱ्या, दर न विचारता पनीर घेणाऱ्या घरांचा. त्यांनी खाणे थोडे कमी करून जास्त दाम मोजायला काय हरकत आहे?

दुधाचेही तसेच. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन पदार्थ) मोजतात, त्यावर दर ठरतो. गाय दिवसभर खुंट्याला बांधलेली होती की मोकळी फिरली, हे कुणी विचारत नाही. तरीही नगर, पुणे, सातारा भागातल्या अनेक शेतकऱ्यांनी मुक्तसंचार गोठे उभारले आहेत. कुंपणाच्या आत गाय हवे तेव्हा पाणी पिते, सावलीला बसते, अंग घासते. मजुरी वाचते आणि बसायची जागा कोरडी राहिली तर कासेचे आजारही कमी होतात. एका जरी दूध संघाने या दुधाला लिटरमागे दोन रुपये जास्त दिले, तर असे गोठे किती झपाट्याने वाढतील!

ग्राहकालाही डोळे उघडे ठेवावे लागतील. तपकिरी अंडे म्हणजे गावरान नव्हे; कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, तपकिरी अंडी देणारी कोंबडीही पिंजऱ्यात असू शकते. ‘गावरान’ म्हणून विकले जाणारे कितीतरी रंगीत पक्षी शेडमध्येच वाढलेले असतात. म्हणून पाटीवर विसंबू नका. पक्षी कुठून आला, किती दिवसांचा आहे, मोकळा होता का, हे दुकानदाराला विचारा. जमेल तेव्हा आठवडी बाजारात पाळणाऱ्याकडूनच घ्या, आणि त्याने दोन पैसे जास्त सांगितले तर घासाघीस करू नका.