मैत्री म्हणजे होयबागिरी नव्हे

मा. संपादक,

दीनबंधू सी. एफ. अँड्र्यूज हे इंग्रज मिशनरी गांधीजींचे भाबडे भक्त होते आणि त्यांची सेवा ही निव्वळ मिशनरी दया होती, हे आपल्या गेल्या अंकातील लेखाचे मत पुराव्याला धरून नाही. १९१४ च्या जानेवारीत ते दक्षिण आफ्रिकेत दरबानला पोहोचले ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सांगण्यावरून. तिथे गांधीजींशी जिवाभावाची मैत्री जडली. पण १९१८ मध्ये गांधीजी ब्रिटिशांसाठी सैन्यभरतीला उतरले तेव्हा अँड्र्यूजनी आक्षेप घेतला आणि १९२१ मध्ये परदेशी कापडाच्या होळीलाही. मतभेद लपवला नाही, मैत्रीही तुटू दिली नाही. भाबडा भक्त असे वागत नाही.

दयेचा आरोपही टिकत नाही. दया वरून खाली येते. अँड्र्यूजनी वरची जागाच नाकारली. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजचे प्राचार्यपद आपल्याकडे येण्याऐवजी सहकारी सुशीलकुमार रुद्र यांना मिळावे, असा त्यांनी आग्रह धरला. १९०६ मध्ये रुद्र तिथले पहिले भारतीय प्राचार्य झाले आणि अँड्र्यूज त्यांच्या हाताखाली शिकवत राहिले. १९१५ मध्ये सहकारी पिअर्सन यांच्यासह फिजीला जाऊन त्यांनी गिरमिटियांच्या, म्हणजे करारबद्ध भारतीय मजुरांच्या, हालांचा अहवाल तयार केला. गिरमिट पद्धत त्यांनी एकट्याने बंद पाडली नाही, एवढे मान्य. गोखल्यांचा १९१२ चा आणि मालवीयांचा १९१६ चा, ती पद्धत रद्द करण्याचा ठराव विसरता येत नाही. पण नम्र सेवेचे मोजमाप श्रेयाच्या वाट्यावरून करणे, हीच त्या लेखाची मूळ चूक आहे.

– एक वाचक, पुणे