मेंदूचे जागले

गेल्या अंकांत आम्ही लहान मुलांच्या ज्वराविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचक भगिनीनें पृच्छा केली आहे कीं, ‘ताप डोक्यांत गेला’ असें घरांतील वडील मंडळी म्हणतात, त्याचा अर्थ काय? प्रश्न मार्मिक आहे. आणि त्याचें उत्तर देण्यास आम्हांस एक खाजगी कारणहि आहे, तें पुढें येईलच.

मेंदूंत ज्ञानतंतूंच्या पेशींशिवाय दुसरीहि एक वस्ती असते. मायक्रोग्लिया नांवाच्या या पेशी पीओ देल रीओ ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञानें १९१९ सालीं वेगळ्या ओळखून दाखविल्या. रक्तांतील पांढऱ्या पेशी कामापुरत्या येतात व जातात. या मात्र गर्भावस्थेच्या आरंभींच मेंदूंत शिरून तेथें बिऱ्हाड थाटतात आणि जन्मभर तेथेंच आपली प्रजा वाढवितात. वतनदार जागलेच म्हणाना! त्यांच्या बारीक शाखा एकसारख्या चांचपत असतात, हें २००५ सालीं जिवंत उंदरांच्या मेंदूंत प्रत्यक्ष पाहण्यांत आलें.

आपला कोण आणि परका कोण, हें या जागल्यांस कळतें कशानें? त्यांच्या अंगावर व अंगांत विशिष्ट घडणीचे रेणु असतात. त्यांस ‘ग्राहक’ म्हणावें, तर आम्हांस अकोटच्या बाजारांतील गिऱ्हाईकच दिसूं लागतें; सबब आम्ही ‘ग्राही’ म्हणतों. कुलुपास विवक्षित किल्लीच लागावी, तशी एकेका ग्राहीस विवक्षित खूण पटते. ‘टोल’ वर्गांतील चौथा ग्राही कांहीं जंतूंच्या कवचांतील द्रव्य ओळखतो. तिसरा व सातवा हे पेशीच्या आंतील पिशव्यांत बसून विषाणूचें आरएनए ओळखतात. ट्रेम-२ नांवाचा आणखी एक ग्राही मेलेल्या पेशींचा केरकचरा उचलण्याच्या कामीं येतो. त्यांत एक विशिष्ट दोष असल्यास म्हातारपणीं अल्झायमरचा स्मृतिभ्रंश होण्याचा संभव बराच वाढतो, असें २०१३ सालीं आढळलें. आमच्या वयाच्या वाचकांस यांतच अधिक गोडी वाटेल. परंतु तो विषय पुन्हां केव्हां तरी.

खूण पटली कीं आरोळी उठते. जागले दाह उत्पन्न करणारीं द्रव्यें सोडतात, रक्तांतील शिपायांस बोलावतात. येथवर सर्व ठीक. पण कवटी ही बंद डबी आहे. आंत सूज आली तर तिला पसरावयास जागा नाहीं. शिवाय तीं द्रव्यें फार झालीं तर घरच्या ज्ञानपेशीहि मरतात. जपानी मेंदूज्वरांत असें घडतें, हें मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रांतील संशोधकांनीं २००७ सालीं दाखविलें. म्हणजे अंगांतली ऊब वर चढून डोक्यांत जाते असें नाहीं. चोर आंत शिरतो आणि त्यास धरण्याच्या धांदलींत जागलेच घराची मोडतोड करितात.

असा चोर आमच्या विदर्भास परका नाहीं. १९६५ सालीं नागपूरकडील चांदीपुरा येथील दोन तापकरी रोग्यांच्या रक्तांत पुण्याच्या संशोधकांस एक नवा विषाणु सांपडला व त्यास गांवाचेंच नांव पडलें. पुढें कित्येक वर्षें त्याची फारशी कोणी दखल घेतली नाहीं. २००३ सालीं आंध्र प्रदेशांतील मेंदूज्वराच्या साथींत ३२९ मुलांपैकीं १८३ दगावलीं, तेव्हां त्या साथीच्या मुळाशीं हाच निघाला. २०२४ सालीं गुजरातेंत तो पुन्हां प्रगटला.

आतां खाजगी कारण. गेल्या श्रावणांत आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांतील सात वर्षांच्या मुलास सायंकाळीं ताप भरला, दोनदां ओकारी झाली, आणि तो गुंगून पडला. त्याच्या आजीनें विचारलें, “मास्तर, पोराला आत्तांच दवाखान्यांत न्यावें का?” बाहेर पाऊस होता. आम्ही म्हणालों, “कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवा, सकाळीं पाहूं.” पहांटे त्यास झटके आले. मुलगा वांचला. कोणता विषाणु होता याचा निर्णय झाला नाहीं. रात्रींच नेला असता तर कांहीं फरक पडता काय, हें डॉक्टरांनीं आपण होऊन सांगितलें नाहीं, आणि विचारण्याचें आम्हांस धैर्य झालें नाहीं.

तापांतील प्रत्येक झटक्यास हेंच कारण असतें असें नव्हे. पण तें ठरविणें आमच्यासारख्या मास्तरांचें काम नव्हे. चांदीपुऱ्यावर खास औषध नाहीं, लसहि नाहीं. झटके थांबविणें, मेंदूची सूज उतरविणें, श्वास चालूं ठेवणें, एवढेंच डॉक्टरांच्या हातीं असतें, आणि त्यासाठीं मूल वेळेवर त्यांच्या हातीं पडावें लागतें. २००३ सालीं पुष्कळ मुलें रुग्णालयांत आणल्यापासून एका दिवसाच्या आंत गेलीं. तापाबरोबर ओकारी, गुंगी वा झटका दिसल्यास रात्र असो, पाऊस असो, मिळेल त्या वाहनानें निघावें.

हा विषाणु वाळूमाशीच्या दंशानें पसरतो असें मानतात. ती डांसाहूनहि पुष्कळ लहान असते, मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्याच्या ओलींत राहते, आणि साध्या मच्छरदाणीच्या भोंकांतून सहज आंत येते. जाळी अगदीं बारीक हवी.

आमच्या मागील भिंतीच्या भेगा आम्ही या आठवड्यांत लिंपून घेतल्या. तो मुलगा सायंकाळीं आमच्याकडे पाढे म्हणावयास येतो. सतराचा पाढा त्यास पूर्वीं पाठ होता. आतां तो बारावर अडतो.