१८१वा दिवस

आमच्या धंद्यात डेडलाइन चुकली तर फार तर क्लायंटचा खरमरीत मेल येतो. ड्रग्जच्या केसमध्ये तपास यंत्रणेची चुकली तर आरोपी जामिनावर बाहेर! लोक म्हणतात, "काय हा कायदा!" मला विचाराल तर बरोबर आहे.

मुळात मुदत कमी आहे का? एरवी आरोपपत्राला ६० किंवा ९० दिवस. एनडीपीएसमध्ये माल व्यावसायिक प्रमाणात असेल (गांजा २० किलोच्या वर) तर १८०. वर सरकारी वकिलाच्या अहवालावर वर्षापर्यंत मुदतवाढ मिळू शकते. तोवर माणूस आत, आणि आरोप कागदावर नाही.

मद्रासची एक केस वाचली. १८० दिवस ३१ जानेवारी २०१९ला संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आरोपीचा जामीन अर्ज. त्यावर युक्तिवाद चालू असताना ४ वाजून २५ मिनिटांनी डीआरआयने तक्रार दाखल केली! अगदी आमची रेस कंडिशन. हायकोर्टाने जामीन रद्द केला, पण २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, अर्ज आधी आला, हक्क तिथेच पक्का झाला. टाइमस्टॅम्प जिंकला म्हणायचा.

मुदतवाढीचं मात्र खटकतं. सरकारी वकील म्हणजे पोस्ट ऑफिस नव्हे, त्याने स्वतः डोकं लावावं, हे सुप्रीम कोर्टाने १९९४मध्येच बजावलंय (तो खटला टाडाचा, पण तरतूद तशीच). मागितली की दिली असं होणार असेल, तर सरळ कायद्यातच वर्ष लिहा की राव!