समान भागीदारीचा संसार

आज व्यापारी घराण्यांतील कितीतरी कुटुंबांत एखादे तरी जोडपे परदेशी वास्तव्यास आहे. रविवारी दूरध्वनी येतो तेव्हा आई विचारते, "सूर्यास्तापूर्वी जेवलात ना?" वडील विचारतात, "काम कसे चालले आहे?" भाजी मिळते का, थंडी किती आहे, मंदिर किती लांब आहे, हेही विचारून होते. एक प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. त्या परक्या गावात दोघांचेही काम चालू आहे ना, की एकाच्या कामासाठी दुसऱ्याने आपले काम पेटीत बंद करून ठेवले आहे?

हा प्रश्न ज्यांनी आपल्या संसारात पहिल्या दिवसापासून जागता ठेवला, असे एक शिक्षक दांपत्य शंभर वर्षांपूर्वी उलट दिशेने, म्हणजे परदेशातून आपल्या देशात आले. जेम्स आणि मार्गारेट कझिन्स ही त्यांची नावे. दोघेही आयर्लंडचे. जेम्स यांचा जन्म 1873 सालचा, बेलफास्टचा. शालेय शिक्षण बेताचे. पण स्वतःच्या वाचनाने ते कवी झाले, नाटककार झाले आणि पुढे डब्लिनच्या एका शाळेत इंग्रजी व भूगोल शिकवू लागले. मार्गारेटबाई 1878 च्या. अनेक भावंडांतील थोरली मुलगी. डब्लिनमध्ये संगीताची पदवी घेऊन त्या संगीत शिकवीत होत्या. 1903 मध्ये त्यांचा विवाह झाला.

जेम्स विवाहापूर्वीच शाकाहारी होते. विवाहानंतर मार्गारेटबाईंनीही मांसाहार वर्ज्य केला. ज्या देशात मांसावाचून जेवण पुरे होत नसे, त्या देशात हे व्रत पाळणे म्हणजे प्रत्येक मेजवानीत स्वतःचे वेगळेपण समजावून सांगणे होते. आपल्या घरांतील जी मुले आज परदेशी शिकतात त्यांना हा अनुभव नवा नाही. कझिन्स दांपत्याला तो स्वतःच्याच गावात, स्वतःच्याच नातलगांत घ्यावा लागला. विशेष म्हणजे, याच शाकाहाराच्या प्रचारातून मार्गारेटबाईंना पुढची वाट सापडली. 1906 मध्ये त्या शाकाहारी मंडळींच्या परिषदेसाठी मँचेस्टरला गेल्या. तेथेच स्त्रियांच्या एका परिषदेशी त्यांचा परिचय झाला आणि मताधिकाराच्या चळवळीचे वारे त्यांना लागले. 1908 मध्ये आयर्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी जी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. या चळवळीत त्यांनी 1910 मध्ये लंडनचा आणि 1913 मध्ये आयर्लंडचा तुरुंग पाहिला.

शाळेत शिकवणाऱ्या गृहस्थाची पत्नी तुरुंगात जाते, हे त्या काळच्या समाजाला रुचणारे नव्हते. जेम्स यांनी पत्नीला आवरले नाही. उलट 1912 मध्ये त्यांनी एका मित्राच्या साहाय्याने स्त्रियांच्या मताधिकाराचा पुरस्कार करणारे साप्ताहिक सुरू केले. 1913 मध्ये दोघांनी आयर्लंड सोडले आणि लिव्हरपूलला बिऱ्हाड केले. तेथे जेम्स यांनी शाकाहारी खाद्यपदार्थ तयार करणाऱ्या कारखान्यात नोकरी केली. जे तत्त्व ताटात होते तेच काही काळ त्यांच्या उपजीविकेचे साधन झाले.

दोघेही थिऑसॉफीचे अनुयायी होते. अॅनी बेझंट यांच्या बोलावण्यावरून 1915 मध्ये, महायुद्ध चालू असताना, ते समुद्रमार्गे मद्रासला आले. जेम्स यांना बेझंटबाईंच्या 'न्यू इंडिया' या दैनिकात साहित्यविभागाचे काम मिळाले. पण वर्षभरातच ते हातचे गेले. 1916 च्या ईस्टरला डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला. त्यात जेम्स यांच्या परिचयाचे कवी होते. त्यांच्या गौरवाचा लेख जेम्स यांनी छापला आणि त्यापायी त्यांना पद सोडावे लागले. देश परका, युद्धाचे दिवस, मागे परतीची सोय नाही आणि पुढे मिळकत नाही, अशी ही अवस्था. व्यापारी घराण्यांना अशा वेळेचे मोल सांगावयास नको. पेढी बसते तेव्हा भागीदार कसा आहे ते कळते.

बेझंटबाईंनीच त्यानंतर जेम्स यांना मदनपल्लीच्या थिऑसॉफिकल महाविद्यालयात अध्यापनासाठी पाठविले. मदनपल्ली हे तेव्हाच्या चित्तूर जिल्ह्यातील, डोंगरांनी वेढलेले लहानसे तेलुगूभाषक गाव. मद्रासची वर्तमानपत्री वर्दळ सोडून तेथे जाणे ही एका अर्थी पीछेहाट होती. या दोघांनी तिला घर केले. डब्लिनमध्ये ज्यांचे ताट चमत्कारिक ठरत असे, त्यांना येथे आपले अन्न कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

महाविद्यालयाशी संबंधित घरांतील स्त्रियांचे तेथे एक मंडळ होते. त्याचे नाव 'अबला अभिवर्धिनी समाज'. ज्यांना सबळ व्हायचे आहे त्यांनी आपल्या पाटीवरच 'अबला' लिहावे, यातील विसंगती मार्गारेटबाईंच्या ध्यानात आल्यावाचून कशी राहील? अशा लहान मंडळांना एका सूत्रात ओवण्याची कल्पना त्यांनी मांडली आणि 1917 च्या मे महिन्यात अड्यार येथे 'विमेन्स इंडियन असोसिएशन'ची स्थापना झाली. त्याच वर्षी 18 डिसेंबर रोजी सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना मद्रासमध्ये भेटले आणि भारतीय स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी त्यांच्यापुढे ठेवली गेली. त्या भेटीची खटपट मार्गारेटबाईंचीच होती. महर्षी कर्वे यांनी 1916 मध्ये पुण्यास स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या त्या पहिल्या अभारतीय सदस्य झाल्या, हेही महाराष्ट्राने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या घराचे दैनंदिन रूप कसे होते, हे 1919 च्या फेब्रुवारीतील एका प्रसंगावरून दिसते. दर बुधवारी रात्री विद्यार्थी कझिन्स दांपत्याभोवती जमत आणि गाणी म्हणत. त्या आठवड्यात रवींद्रनाथ टागोर मदनपल्लीस मुक्कामी होते. तेही त्या बैठकीत येऊन बसले आणि त्यांनी 'जन गण मन' म्हटले. गीत जुने होते. 1911 मध्ये कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात ते गायले गेले होते. मदनपल्लीत घडले ते असे: संगीत जाणणाऱ्या मार्गारेटबाईंनी कवीच्या साहाय्याने त्याची स्वरलिपी बांधली आणि रवींद्रनाथांनी तेथेच त्याचे इंग्रजी भाषांतर स्वहस्ते लिहिले. ते महाविद्यालयाचे प्रार्थनागीत झाले. पुढे 1950 मध्ये देशाने ते राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले. विद्यार्थी पतीचे, संगीत पत्नीचे, आणि बैठक दोघांची. एकाची विद्या दुसऱ्याच्या विद्येच्या आड आली नाही, म्हणून त्या रात्रीच्या गाण्याची स्वरलिपी जागच्या जागी लिहून घेता आली.

त्याच वर्षी दोघांच्या वाटा काही काळ वेगळ्या झाल्या. जेम्स यांना टोकिओच्या केइओ विद्यापीठाने आधुनिक इंग्रजी कवितेच्या अध्यापनासाठी बोलाविले. मार्गारेटबाईंकडे मंगळूरच्या राष्ट्रीय कन्याशाळेचे मुख्याध्यापकपद आले. रूढ हिशोबाने पाहता विद्यापीठाचे प्राध्यापकपद मोठे आणि गावातील मुलींची शाळा लहान. तरीही या घरात पत्नीने शाळा नाकारून पतीमागे जावे, असा हिशोब मांडला गेला नाही. दोन्ही निमंत्रणे सारख्याच वजनाची मानली गेली.

पुढील वर्षांत मार्गारेटबाई मद्रासकडील पहिल्या स्त्री दंडाधिकारी झाल्या. त्यांनी 1926 मध्ये लिहिलेल्या आवाहनपत्रातून अखिल भारतीय महिला परिषद उभी राहिली. तिचे पहिले अधिवेशन 1927 च्या जानेवारीत पुण्यास, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली भरले. 1932 मध्ये सरकारच्या भाषणबंदीच्या वटहुकमांविरुद्ध बोलल्याबद्दल त्यांना वर्षभराची शिक्षा झाली आणि त्या वेल्लोरच्या तुरुंगात गेल्या. इकडे जेम्स भारतीय चित्रकलेचा पुरस्कार करीत संस्थानांतून हिंडत होते. म्हैसूर व त्रिवेंद्रम येथील चित्रसंग्रहांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे. तुरुंगातील पत्नी आणि राजदरबारी वावरणारा पती! पण परस्परांच्या कार्याविषयीची त्यांची आस्था अखेरपर्यंत टिकली.

खरी कसोटी उतारवयात लागली. 1944 च्या सुमारास मार्गारेटबाईंना पक्षाघात झाला आणि ज्या हातांनी पियानो वाजविला ते निकामी झाले. दोघांना अपत्य नव्हते, मायदेशी परतण्याचा विचार नव्हता, गाठीला संपत्तीही नव्हती. मद्रास सरकारने आणि नंतर पंडित नेहरूंनी त्यांच्या सेवेची जाणीव ठेवून अर्थसाहाय्य केले. अशा काळात, 1950 मध्ये, त्यांचे संयुक्त आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ते दोघांनी आळीपाळीने सांगितले आहे. कोठे तिची हकीकत, कोठे त्याची. ग्रंथाचे नाव 'वुई टू टुगेदर', म्हणजे 'आम्ही दोघे मिळून'. मार्गारेटबाई 1954 मध्ये आणि जेम्स 1956 मध्ये भारतातच निवर्तले.

आपल्या पेढ्यांवर भावाभावांची, काका-पुतण्यांची नावे एकत्र लिहिण्याची परंपरा आहे. कोणाचा वाटा किती, हे वहीत स्पष्ट असते आणि त्यामुळेच पेढी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. संसाराची वही मात्र आपण बहुतेक वेळा एकाच नावाने उघडतो. सून उच्चशिक्षित असावी असा आग्रह धरून स्थळ पाहिले जाते. आणि परदेशी गेल्यावर तिच्या शिक्षणाचे काय झाले, याची चौकशी कोणी करीत नाही. तिचा व्हिसा तिला काम करू देतो का, मुलाची बदली झाली तर तिच्या नोकरीचे काय, हे प्रश्न लग्न ठरविताना विचारले तर ते उद्धटपणाचे वाटतात. वास्तविक भागीदारीचा करारनामा लिहितानाच कलमे पाहावयाची असतात.

कझिन्स दांपत्याजवळ धन नव्हते आणि स्थैर्यही नव्हते. असे असता त्यांचा परदेशातील संसार चाळीस वर्षे उभा राहिला, कारण त्यात दोघांचेही काम जिवंत होते. येत्या रविवारी परदेशातून दूरध्वनी येईल तेव्हा जेवणाची चौकशी अवश्य व्हावी, मुलाच्या कामाचीही व्हावी. त्यानंतर दूरध्वनी खाली ठेवण्यापूर्वी सासऱ्यांनी एवढेच विचारावे, "सूनबाई, तुझे काम कसे चालले आहे?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.