उंदराचा मेंदू आणि ‘मनाचा दुबळेपणा’

मद्यासक्ती म्हणजे मनाचा दुबळेपणा, हा समज भारतीय समाजात खोल रुजला आहे. उंदरांवरील संशोधन त्याला दुजोरा देत नाही. मद्यामुळे मेंदूत बीटा-एन्डॉर्फिन व एन्केफॅलिन ही ओपिऑइड पेप्टाइडे स्रवतात आणि म्यू ग्राहींमार्फत सुखद अनुभूती देतात. या ग्राहीचे जनुकच निकामी केलेले उंदीर स्वतःहून मद्य घेत नाहीत, असे २००० साली दिसून आले.

दीर्घकाळच्या मद्यपानानंतर चित्र पालटते. डायनॉर्फिन हे त्याच कुळातले पेप्टाइड, पण त्याची करणी उलटी. कॅपा ग्राहींशी जोडले जाऊन ते अस्वस्थता आणि खिन्नता उत्पन्न करते. मग प्राणी पितो तो बहुतांशी ही तगमग शमवण्यासाठी. अशा अवस्थेत ‘निर्धार करा’ हा उपदेश कितपत पुरेल?

अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदरांतही सी५७ वाणाचे मद्य आवडीने पितात, डीबीए वाणाचे टाळतात. माणसाच्या बाबतीत तर दारिद्र्य, संगत, घरातील ताण यांचीही भर पडते. तरीही ओपिऑइड ग्राही अडवणाऱ्या नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेने १९९४ मध्येच मद्यासक्तीवरील औषध म्हणून मान्यता दिली. ते भारतातही मिळते. मात्र २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावलंबी ३८ व्यक्तींमागे जेमतेम एकीलाच कोणतेतरी उपचार मिळतात. दारूबंदीच्या वादाला वृत्तपत्रांत जितकी जागा लाभते, तितकी हे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत कसे न्यावेत, या प्रश्नाला लाभत नाही.